एका प्रॉस्पेक्टची किंमत: कॅन्सस सिटी रॉयल्स, डिसेंबर २०१२

९ डिसेंबर २०१२ च्या रविवारी रात्री कॅन्सस सिटी रॉयल्स आणि टँपा बे रेज या अमेरिकन बेसबॉलच्या दोन संघांनी एक ट्रेड, म्हणजे खेळाडूंची अदलाबदल, जाहीर केला. रॉयल्सकडून चौघे गेले: आउटफिल्डर (मैदानाच्या मागच्या भागातला क्षेत्ररक्षक) विल मायर्स, पिचर (चेंडू टाकणारा) जेक ओडोरिझी, पिचर माइक माँटगोमेरी आणि पॅट्रिक लेनर्ड. मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीवर, यांपैकी कुणाचाच पाय अजून रोवलेला नव्हता. टँपाकडून आले ते पिचर जेम्स शील्ड्स आणि वेड डेव्हिस. तिसरं नाव मागाहून ठरायचं होतं, तो एलियट जॉन्सन निघाला.

होतकरू पोरांना, म्हणजे प्रॉस्पेक्टना, जपायचं की त्यांच्या बदल्यात आजचा पक्का खेळाडू आणायचा, हा वाद बेसबॉलच्या चाहत्यांमध्ये बारमाही असतो आणि त्यात हा ट्रेड आजही निघतो. तीन वर्षांत त्याचा निकाल लख्ख दिसला, तरीही दोन्ही बाजूंना आपलंच खरं वाटत राहिलं. त्या रात्री काय माहीत होतं, भांडण कशावरून झालं आणि कशावरून व्हायला हवं होतं, हे हिशेबासकट पाहण्यासारखं आहे.

त्या वेळची स्थिती

२०१२ चा मोसम रॉयल्सने ७२ विजय आणि ९० पराभवांवर संपवला. संघ शेवटचा प्लेऑफमध्ये, म्हणजे ऑक्टोबरमधल्या बाद फेरीत, खेळला होता तो १९८५ साली, म्हणजे अख्खी एक पिढी ऑक्टोबरचा सामना न पाहताच मोठी झाली होती. जनरल मॅनेजर डेटन मूर २००६ पासून पदावर होते आणि त्यांनी सगळी भिस्त फार्म सिस्टीमवर, म्हणजे मायनर लीगमधल्या पोरांवर ठेवली होती. २०११ च्या सुरुवातीला ‘बेसबॉल अमेरिका’ या नियतकालिकाच्या पहिल्या १०० प्रॉस्पेक्टमध्ये एकट्या रॉयल्सचे ९ जण होते. असं पीक फार क्वचित येतं.

त्यातले फलंदाज वेळेवर तयार झाले. एरिक हॉस्मर २०११ च्या मे महिन्यात वर आला, माइक मुस्टाकस जूनमध्ये. कॅचर साल्वाडोर पेरेझ त्या शंभरात नव्हता, तोही ऑगस्टमध्ये येऊन बसला. डिसेंबर २०१० मध्ये झॅक ग्रिंकीला मिलवॉकीला देऊन लोरेंझो केन, अल्सिडीस एस्कोबार आणि हाच ओडोरिझी मिळवला होता. लेफ्ट फिल्डला अॅलेक्स गॉर्डन होताच.

पिचिंगचं मात्र दिवाळं वाजलं होतं. बेसबॉलमध्ये सामना सुरू करणारा पिचर, म्हणजे स्टार्टर, साधारण दर पाचव्या दिवशी टाकतो. त्यामुळे संघाला पाच जणांची फळी लागते आणि प्रत्येकाकडून मोसमात तीसेक सामने निघावे लागतात. २०१२ मध्ये रॉयल्सच्या फक्त दोघांनी तीस ओलांडले. ब्रूस चेनने ३४ सामने सुरू केले आणि त्याचा ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे (एका पूर्ण सामन्यामागे) दिलेल्या अर्न्ड रनची, क्षेत्ररक्षकांच्या चुकांशिवाय झालेल्या धावांची, सरासरी, ५.०७ होता. ल्यूक होशेवार ३२ सामन्यांत ५.७३ वर होता, आणि हा २००६ च्या ड्राफ्टमधली (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतली) पहिली निवड. डॅनी डफी आणि फेलिपे पॉलिनो या दोघांच्याही कोपरावर त्याच वर्षी टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली, ज्यातून सावरायला वर्षभर तरी लागतं. माँटगोमेरीकडून केवढी आशा होती, पण त्याला ट्रिपल-ए (मायनर लीगची सर्वांत वरची पातळी) मधून त्याखालच्या डबल-ए मध्ये उतरवावं लागलं होतं.

मूर यांनी हिवाळ्याच्या तोंडाशी एंजल्सकडून अर्विन सँटाना घेतला आणि जेरेमी गथ्रीशी तीन वर्षांचा करार केला. तेवढ्याने फळीचा मधला भाग भरला, डोक्याची जागा रिकामीच राहिली.

भांडण कशावरून झालं

मायर्सला देण्याची कल्पनाच अनेकांना सहन झाली नाही, आणि त्याला कारण होतं. २००९ मध्ये तिसऱ्या फेरीत २० लाख डॉलर देऊन घेतलेला हा पोरगा आधी कॅचर होता. बॅट लवकर वर यावी म्हणून त्याला आउटफिल्डमध्ये हलवलं. २०१२ मध्ये डबल-ए आणि ट्रिपल-ए मिळून त्याने .३१४ च्या सरासरीने ३७ होमरन (मैदानाबाहेर मारलेले फटके) मारले आणि ‘बेसबॉल अमेरिका’ने त्याला त्या वर्षीचा मायनर लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरवलं. त्याचं वय २१ संपत आलेलं. आणि रॉयल्सच्या राइट फिल्डला उभा होता जेफ फ्रँकूर, .२३५ च्या सरासरीने. बदली खेळाडू घरात तयार असताना तोच देऊन टाकायचा, हे पटणं अवघडच होतं.

मायर्सच्या बाजूने बोलणाऱ्यांचा हिशेब ताबा किती वर्षांचा यावर उभा होता. मेजर लीगमध्ये आलेला खेळाडू सहा पूर्ण वर्षांची सर्व्हिस (मेजर लीगमधली नोकरी) होईपर्यंत संघाच्या ताब्यात राहतो. पहिली तीनेक वर्षं त्याला किमान पगाराच्या आसपास द्यावं लागतं (२०१३ मध्ये तो ४,९०,००० डॉलर होता), पुढची तीन वर्षं आर्बिट्रेशनमधून (लवादाने) रक्कम ठरते आणि मग तो फ्री एजंट, म्हणजे कुठल्याही संघाशी करार करायला मोकळा, होतो. शील्ड्सच्या करारात दोनच वर्षं उरली होती आणि त्यांचा खर्च दोन-अडीच कोटी डॉलर. शिवाय तो ३१ वर्षांचा होत होता. सहा स्वस्त वर्षं देऊन दोन महाग वर्षं घ्यायची, तीही ७२ सामने जिंकलेल्या संघाने! कागदावर हा सौदा टँपाने जिंकला होता आणि बहुतेक जाणकारांनी तसंच म्हटलं.

दुसरी बाजू अनुभवाची होती. ‘बिग गेम जेम्स’ हे शील्ड्सचं टोपणनाव. मोठ्या सामन्यात टाकलेला माणूस तरण्या पोरांना शिकवेल, ड्रेसिंग रूमला वळण लावेल, असं ही मंडळी म्हणत. त्यात तथ्य असेलही, पण ते मोजता येत नाही, आणि जे मोजता येत नाही त्यावर चार प्रॉस्पेक्ट उधळणं समोरच्याला पटवता येत नाही. जे मोजता आलं असतं ते या बाजूने मांडलंच नाही. शील्ड्सने २००७ पासून सलग सहा मोसम दोनशेहून जास्त इनिंग टाकल्या होत्या. २०११ मध्ये २४९ आणि ११ सामने एकट्याने संपवलेले, २०१२ मध्ये २२७. ज्या संघाचे पिचर शस्त्रक्रियेच्या टेबलावर पडलेले होते त्याला हाच माल हवा होता.

घड्याळ

सर्व्हिस टाइमची आकडेमोड नीट न करता प्रॉस्पेक्टवर वाद घालणं फुकट आहे, म्हणून ती इथे सविस्तर. मोसम त्या काळी साधारण १८३ दिवसांचा असे आणि १७२ दिवस मेजर लीगच्या रोस्टरवर (संघाच्या यादीत) राहिलं की एक पूर्ण वर्ष धरतात. म्हणजे एखाद्याला सुरुवातीला दोनेक आठवडे खाली ठेवलं की त्याचं ते वर्ष अपुरं राहतं आणि संघाला शेवटी एक वर्ष जास्त मिळतं. शिकागो कब्जने २०१५ मध्ये क्रिस ब्रायंटला १७ एप्रिलला वर आणलं, तेव्हा त्याचे १७१ दिवस भरले. एका दिवसाने वर्ष हुकलं. त्याची तक्रार २०२० मध्ये फेटाळली गेली.

दुसरी पायरी ‘सुपर टू’ची. दोन ते तीन वर्षं सर्व्हिस असलेल्यांपैकी वरच्या २२ टक्क्यांना आर्बिट्रेशनचं एक जादा, चौथं वर्ष मिळतं. ते टाळायचं तर खेळाडूला जूनच्या मध्यापर्यंत खाली ठेवावं लागतं. टँपाने मायर्सच्या बाबतीत हेच केलं. ट्रिपल-ए मध्ये तो धडधाकट खेळत असताना त्याला १८ जून २०१३ ला बोलावलं, आणि त्यामुळे त्याच्यावरचा ताबा २०१९ अखेरपर्यंत गेला. रॉयल्सने त्याला एप्रिलपासूनच राइट फिल्डला उभा केला असता तर तो २०१८ नंतर मोकळा झाला असता.

पण रॉयल्ससाठी मायर्सचं घड्याळ महत्त्वाचं नव्हतं. हॉस्मर, मुस्टाकस, केन आणि एस्कोबार या चौघांवरचा ताबा एकदमच, २०१७ नंतर संपणार होता. गॉर्डनचा करार त्याहूनही आधी संपत होता. कॅन्सस सिटी ही मेजर लीगमधल्या लहान बाजारपेठांपैकी एक. चौघांना एकाच हिवाळ्यात बाजारभावाने ठेवून घेण्याइतका पैसा तिथे कधीच नसतो. म्हणून जिंकायचं ते २०१३ ते २०१७ या पाच मोसमांतच होतं. मायर्सची २०१८ आणि २०१९ ही स्वस्त वर्षं टँपाला सोन्यासारखी; रॉयल्सच्या हाती ती येईपर्यंत बाकीचा संघ पांगलेला असणार होता. दोन संघांसाठी एकाच खेळाडूचा भाव वेगळा असतो तो असा. ‘सहा वर्षांच्या बदल्यात दोन’ म्हणणाऱ्यांनी वर्षं मोजली, ती कोणत्या वर्षी पडतात ते पाहिलं नाही.

धावांचा हिशेब

आता शील्ड्सने दिलं काय ते पाहू. २०१३ मध्ये ३४ सामने, २२८.२ इनिंग (दशांशानंतरचा आकडा इथे तृतीयांश दाखवतो), ईआरए ३.१५. अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) त्या वर्षी सर्वांत जास्त इनिंग त्याच्याच. ह्याच इनिंग आदल्या वर्षीच्या पिचरांनी ५.०० च्या दराने टाकल्या असत्या तर? फरक १.८५. नऊ इनिंगचे २५.४ तुकडे. गुणाकार ४७ धावा. साधारण दहा धावांमागे एक विजय हे प्रमाण धरलं तर साडेचार विजय. त्यातला थोडा वाटा क्षेत्ररक्षणाला द्यायला हवा, कारण ज्याचे चेंडू हवेत उंच मारले जातात असा पिचर गॉर्डन आणि केन पाठीशी असताना आहे त्याहून चांगला दिसतो, आणि कॉफमन स्टेडियमचं आउटफिल्ड प्रशस्त आहे. तरी साडेतीन-चार विजय राहतात.

संघ ८६-७६ वर संपला. १९८९ नंतरचा हा सर्वांत चांगला मोसम, संघाचा ३.४५ हा ईआरए लीगमध्ये सर्वांत कमी, आणि तरीही प्लेऑफ पाच-सहा विजयांनी हुकला. मे महिन्यातच २० पराभव झाले होते. फ्रँकूरला तर त्या उन्हाळ्यात सोडूनच द्यावं लागलं. तिकडे मायर्सने ८८ सामन्यांत .२९३ आणि १३ होमरन काढून रूकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवोदित) हा किताब पटकावला आणि टँपा प्लेऑफमध्ये पोचला. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये हा वाद मतदानाला टाकला असता तर मायर्सची बाजू एकतर्फी जिंकली असती.

२०१४ मध्ये शील्ड्सच्या २२७ इनिंग ३.२१ ने. एव्हाना रॉयल्सकडे थोडे बरे पर्याय होते, म्हणून तुलनेला ५.०० ऐवजी ४.५० घेऊ. फरक १.२९, तुकडे २५.२, म्हणजे ३२ धावा, तीन विजय. आता गुणतक्ता पाहा: रॉयल्स ८९, ओकलंड ८८, सिअॅटल ८७. वाइल्ड कार्डच्या (गटविजेत्यांखेरीज प्लेऑफला जाणाऱ्यांच्या) दोन जागा रॉयल्स आणि ओकलंडला गेल्या, सिअॅटल घरी बसला. तीन विजय काढून घेतले की रॉयल्स ८६ वर, सिअॅटलच्या मागे.

सगळं प्रकरण इथे येऊन ठेपतं. ६८ विजयांचा संघ ७१ वर गेला तर काही हाती लागत नाही. ८६ वरून ८९ वर गेला तर मोसमच बदलतो. त्याच तीन विजयांची किंमत संघ कुठे उभा आहे त्यावर ठरते. २०१२ च्या गुणतक्त्याकडे बोट दाखवून ‘७२ विजयांच्या संघाने असा ट्रेड करू नये’ म्हणणाऱ्यांनी संघ पुढे कुठे असेल याचा अंदाज घेतला नव्हता. मूर यांनी घेतला होता, आणि तो जेमतेम खरा ठरला. जेमतेम हा शब्द मुद्दाम वापरला आहे. दोन-तीन चेंडू इकडचे तिकडे झाले असते तर ८९ चे ८७ झाले असते आणि आज हा ट्रेड वेगळ्याच यादीत असता.

३० सप्टेंबर २०१४ च्या वाइल्ड कार्ड सामन्यात शील्ड्सनेच सुरुवात केली. पाच इनिंगनंतर तो गेला तेव्हा चार धावा त्याच्या नावावर होत्या. आठव्या इनिंगमध्ये ओकलंड ७-३ ने पुढे होता. रॉयल्सने सात बेस चोरले, बाराव्या इनिंगमध्ये ९-८ ने सामना काढला, शेवटचा फटका पेरेझचा. त्या ऑक्टोबरमध्ये शील्ड्सचा ईआरए २५ इनिंगमध्ये ६.१२ राहिला आणि वर्ल्ड सिरीजमधले, म्हणजे मोसमाच्या अंतिम मालिकेतले, त्याचे दोन्ही सामने मॅडिसन बमगार्नरसमोर गेले. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने सातवा सामना ३-२ ने जिंकला. ज्या ‘मोठ्या सामन्यां’साठी शील्ड्सला आणलं असं त्याचे कैवारी म्हणत होते, तिथे तो अपयशी ठरला. एप्रिल ते सप्टेंबर त्याने दर पाचव्या दिवशी सहा-सात इनिंग खाल्ल्या, ते उपयोगी पडलं.

दुसरं नाव

डिसेंबर २०१२ च्या भांडणात वेड डेव्हिसचं नाव तोंडी लावण्यापुरतं होतं. खरं तर त्याचा करार वाचला असता तरी पुरे होतं: २०१४ पर्यंत पक्का आणि पुढे २०१५, २०१६, २०१७ साठी संघाच्या मर्जीवर ७० लाख, ८० लाख आणि १ कोटी डॉलर. पाच मोसमांचा ताबा, आणि तो संपणार नेमका २०१७ ला, जेव्हा हॉस्मर-मुस्टाकसचं घड्याळ थांबत होतं. ‘सहाच्या बदल्यात दोन’ हा हिशेब इथेच चुकला होता. सात मोसम येत होते, फक्त दोन माणसांत वाटलेले.

डेव्हिसने २०१० आणि २०११ मध्ये टँपासाठी स्टार्टर म्हणून ४.०७ आणि ४.४५ काढले होते. बरे, पण साधारण. २०१२ मध्ये त्याला बुलपेनमध्ये, म्हणजे सामन्याच्या मधून येणाऱ्या रिलीव्हरांत, टाकलं तर ७० इनिंगमध्ये ८७ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) आणि ईआरए २.४३. रॉयल्सला स्टार्टरची इतकी निकड होती की त्यांनी त्याला परत फळीत घातलं. परिणाम: २०१३ मध्ये १३५ इनिंग, ईआरए ५.३२.

असं का होतं? स्टार्टरला तोच फलंदाज एका सामन्यात तीनदा भेटतो. तिसऱ्या खेपेला त्याने पिचरचा प्रत्येक चेंडू पाहिलेला असतो, म्हणून चौथा-पाचवा प्रकार लागतो आणि नव्वद-शंभर चेंडूंपर्यंत वेग टिकवायला हात राखून टाकावं लागतं. डेव्हिसकडे फास्टबॉल, कटर आणि नकल कर्व्ह हे तीन चेंडू पक्के होते, पण ९२ मैलांच्या वेगाने तिसऱ्या फेरीत ते पुरत नव्हते. एका इनिंगपुरतं टाकायचं म्हटल्यावर तोच हात ९५-९६ वर गेला, दुबळे चेंडू गाठोड्यात बांधून ठेवता आले, आणि एकाच फलंदाजाशी दुसऱ्यांदा गाठ पडण्याचा प्रश्नच उरला नाही. अपयशी स्टार्टर उत्तम रिलीव्हर होतो तो बहुतेक वेळा याच वाटेने. तीन चेंडू धड असलेला, चौथा कधीच न जमलेला पिचर यादीत दिसला की हे आठवावं.

रॉयल्सनेही हे ठरवून केलं असं म्हणता येत नाही. २०१४ च्या मार्चमध्ये, तोवर बुलपेनमध्ये गेलेल्या होशेवारच्या कोपराचा लिगामेंट फाटला, आठव्या इनिंगची जागा रिकामी झाली आणि ती डेव्हिसला मिळाली. त्या मोसमात ७२ इनिंग, १०९ स्ट्राइकआउट, ईआरए १.००, आणि वर्षभरात एकही होमरन नाही. सातवी इनिंग केल्विन हरेरा, आठवी डेव्हिस, नववी ग्रेग हॉलंड. तिघांचेही ईआरए दीडच्या आत. समोरच्या संघाला सामना सहा इनिंगमध्ये जिंकावा लागे.

२३ ऑक्टोबर २०१५, अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेतला सहावा सामना, समोर टोरँटो. आठव्या इनिंगमध्ये होसे बाउटिस्टाच्या होमरनने ३-३ झालं तेव्हा डेव्हिसला आणलं आणि त्याने ती इनिंग संपवली. मग पाऊस, ४५ मिनिटं खेळ बंद. पिचरचा हात तापलेला असतो, इतका वेळ बसला की तो आखडतो. अशा वेळी दुसरा पिचर आणण्याची पद्धत आहे. रॉयल्सने आठव्याच्या उत्तरार्धात केनला हॉस्मरच्या सिंगलवर पहिल्या बेसवरून थेट घरी आणत ४-३ केलं आणि नवव्यालाही डेव्हिसच आला. रसेल मार्टिनचा सिंगल, त्याच्या जागी धावायला आलेल्या डाल्टन पॉम्पेने दुसरा आणि तिसरा बेस चोरला, केव्हिन पिलारला वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर फुकट पहिला बेस). एकही बाद नसताना बरोबरीची धाव तिसऱ्या बेसवर. नवारो स्ट्राइकआउट. पिलारने दुसरा बेस चोरला. रिव्हीर स्ट्राइकआउट. त्या वर्षीचा एमव्हीपी (लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू) ठरलेला जॉश डोनाल्डसन आला आणि त्याचा ग्राउंडर मुस्टाकसच्या हातात गेला. त्या अख्ख्या प्लेऑफमध्ये डेव्हिसने एकही अर्न्ड रन दिली नाही. १ नोव्हेंबरला न्यूयॉर्क मेट्सविरुद्धच्या पाचव्या सामन्यात विल्मर फ्लोरेसला बाद करून रॉयल्सचा वर्ल्ड सिरीज विजय पक्का करणाराही तोच.

टँपाकडे काय राहिलं

मायर्सचं मनगट ३० मे २०१४ रोजी आउटफिल्डमध्ये सहकारी डेझमंड जेनिंग्जशी टक्कर होऊन मोडलं. मोसम ८७ सामने, .२२२. कॅन्सस सिटीत ही टक्कर झालीच नसती, म्हणून ‘मायर्स ठेवला असता तरी २०१४ मध्ये तो .२२२ च खेळला असता’ हा युक्तिवाद बाद. इजा खेळाडूबरोबर गावोगाव फिरत नाही. त्या डिसेंबरमध्ये टँपाने त्याला तीन संघांच्या एका ट्रेडमध्ये सॅन डिएगोला दिलं. त्याच व्यवहारातून ट्रे टर्नर वॉशिंग्टनला मिळाला. मायर्स २०१६ मध्ये पॅड्रेसचा ऑल-स्टार झाला आणि पुढे त्याने ८ कोटी ३० लाख डॉलरचा करार केला. चांगला खेळाडू, पण २०१२ मध्ये रंगवला गेला तसा दशकभराचा तारा नाही. ओडोरिझीने टँपाला काही मोसम स्थिर पिचिंग दिलं, आणि माझ्या मते ट्रेडमधली त्यांची खरी कमाई तोच. लेनर्ड मेजर लीगमध्ये पोचला नाही. माँटगोमेरी टँपासाठी वर आलाच नाही. २०१६ च्या वर्ल्ड सिरीजमधला शेवटचा बळी मात्र त्याने कब्जसाठी घेतला.

२०११ च्या त्या नऊ नावांचं काय झालं हेही नोंदवावं. हॉस्मर आणि मुस्टाकस नेहमीचे खेळाडू झाले. डफी उपयोगी स्टार्टर झाला. मायर्स, ओडोरिझी, माँटगोमेरी या ट्रेडमध्ये गेले. जॉन लॅम २०१५ मध्ये जॉनी क्वेटोसाठी दिलेल्या तिघांतला एक. ख्रिस ड्वायरने मेजर लीगमध्ये जेमतेम दोन सामन्यांत चेंडू टाकला. क्रिस्टियन कोलोन कधीच नियमित झाला नाही, पण २०१४ च्या वाइल्ड कार्डमधली विजयी धाव त्याची आणि २०१५ च्या शेवटच्या सामन्यात बाराव्या इनिंगमध्ये आघाडी देणारा फटकाही त्याचाच. बेसबॉलच्या इतिहासातल्या उत्तम मानल्या गेलेल्या पिकातून पक्के उभे राहिले चार-पाच. प्रॉस्पेक्टचा भाव लावताना यादीतला क्रमांक पाहून पूर्ण किंमत धरायची नसते, ती याच कारणाने.

रॉयल्सच्या खात्यात शेपूटही लांब आहे. शील्ड्सने १ कोटी ५३ लाख डॉलरची क्वालिफाइंग ऑफर (संघाने देऊ केलेला एका वर्षाचा करार) नाकारली, त्याबदल्यात २०१५ च्या ड्राफ्टमध्ये ३३ वी निवड मिळाली. तिथून घेतलेला पिचर वर आला नाही. डेव्हिसला डिसेंबर २०१६ मध्ये, शेवटचं एक वर्ष उरलं असताना, कब्जला देऊन होर्हे सोलेर घेतला. सोलेरने २०१९ मध्ये ४८ होमरन मारले. रॉयल्सच्या इतिहासात एका मोसमात इतके त्याआधी कुणीच मारले नव्हते. आणि शील्ड्स? पॅड्रेसने त्याला चार वर्षांच्या करारावर घेतलं आणि जून २०१६ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सला दिलं. बदल्यात आलेल्यांपैकी एक होता १७ वर्षांचा, एकही व्यावसायिक सामना न खेळलेला फर्नांडो टॅटिस ज्युनियर. तिथेही चर्चा पहिल्या नावाचीच झाली.

असा ट्रेड पुन्हा समोर आला तर

रॉयल्सचा निर्णय त्यांच्या जागी योग्य होता असं आमचं मत आहे, आणि किंमत तरीही एका खेळाडूने जास्त होती. मायर्ससोबत ओडोरिझीलाही द्यायला नको होतं. एकालाच धरून माँटगोमेरी आणि खालच्या पातळीवरचा एखादा जोडता आला असता का, हा प्रश्न मूर यांना विचारण्यासारखा होता. तो कुणी फारसा विचारला नाही, कारण सगळं बळ ‘मायर्स की शील्ड्स’ यातच खर्च झालं.

वाद घालण्याआधी कागदावर चार गोष्टी उतरवल्या तर तो नीट होतो. आपल्या संघातल्या मुख्य पाच-सहा जणांचं सर्व्हिस टाइम कधी संपतं ते प्रत्येकापुढे लिहावं. बहुतेकांची तारीख एकाच हिवाळ्यात पडत असेल तर त्यापुढची वर्षं अर्ध्या भावाने धरावीत. मग ज्या जागेसाठी खेळाडू आणतोय तिथे गेल्या वर्षी किती इनिंग किंवा किती वेळा बॅटिंग वाया गेली ते धावांत मोजावं, वर केलं तसं. संघ पुढच्या वर्षी ८४ ते ९२ विजयांच्या पट्ट्यात येतोय का ते पाहावं. त्याखाली असेल तर प्रॉस्पेक्ट देऊ नये, मग समोर कितीही मोठं नाव असो. आणि ट्रेडमधल्या दुसऱ्या-तिसऱ्या नावाचा करार पूर्ण वाचावा.

घड्याळाचे नियम मात्र आता बदलले आहेत. लीग आणि खेळाडू संघटनेतल्या २०२२ च्या करारापासून रूकी ऑफ द इयरच्या मतदानात पहिल्या दोनांत येणाऱ्याला पूर्ण वर्षाची सर्व्हिस मिळते, म्हणजे मायर्सला १८ जूनपर्यंत थांबवून टँपाने मिळवलेलं वर्ष आज त्यांना मिळालं नसतं. उलट, वरच्या यादीतल्या प्रॉस्पेक्टला पहिल्या दिवसापासून खेळवलं आणि तो रूकी ऑफ द इयर झाला किंवा आर्बिट्रेशनच्या आधी एमव्हीपीच्या पहिल्या तिनांत आला, तर संघाला ड्राफ्टमध्ये जादा निवड मिळते. रॉयल्सने बॉबी विट ज्युनियरला २०२२ च्या पहिल्या सामन्यापासून खेळवलं, २०२४ मध्ये तो एमव्हीपीच्या मतदानात दुसरा आला आणि २०२५ च्या ड्राफ्टमध्ये संघाला २८ वी निवड त्यातून मिळाली.